पत्रं तुमची, उत्तरं माझी : थॉरची हातोडी आणि वासराच्या कातड्याची पोथी

मागच्या अंकात वारांच्या नावांबद्दल लिहिताना ‘इंग्रजांच्या गुरुवारात थॉर नावाचा देव बसलाय’ असं एक वाक्य ओझरतं लिहून गेले, आणि या महिन्याचं निम्मं टपाल त्याच देवाच्या नावाने आलं. घरातले जुने मोडी कागद कोण वाचून देईल असं विचारणाऱ्यांनी म्हणून एक महिना थांबावं. या वेळी सगळी पत्रं उत्तर युरोपातल्या जुन्या, म्हणजे नॉर्स, देवांची.

आजी, थॉर आणि लोकी सख्खे भाऊ की सावत्र? आमच्या वर्गात पैज लागली आहे.
— नववीतला विद्यार्थी, रावपुरा, बडोदे

दोन्ही बाजू हरल्या. पैजेची शेवउसळ मला आणून द्या!

ते भाऊच नाहीत. १९६२ साली अमेरिकेतल्या चित्रकथावाल्यांनी थॉरला उचललं, आणि पुढे लोकीला त्याचा मानलेला भाऊ करून टाकलं. सिनेमा तिथून आला. जुन्या कवितांमध्ये लोकी हा दैत्याचा मुलगा, आणि त्याने रक्तात रक्त मिसळून भाऊपणाची शपथ घेतली आहे ती ओडिनबरोबर. ओडिन थॉरचा बाप. नातं लावायचंच तर लोकी थॉरचा मानलेला काका. मृतांच्या नगरीत राहणारी हेल सिनेमात ओडिनची मुलगी दाखवली आहे, तीसुद्धा मुळात लोकीची. तिची भावंडं म्हणजे फेनरिर नावाचा लांडगा आणि पृथ्वीला वेटोळं घालून बसलेला साप.

तुझा थॉर हातोडी फिरवत उडतो. जुना थॉर रथातून जातो आणि त्याच्या रथाला दोन बोकड जुंपलेले असतात. दाढी लाल. हातोडी धरायला लोखंडी हातमोजे लागतात, आणि तिचा दांडा आखूड आहे, कारण ती घडत असताना लोकीने माशी होऊन भाता ओढणाऱ्या बुटक्याच्या पापणीला चावा घेतला. प्रवासात भूक लागली की थॉर हेच बोकड कापून खातो. अट एकच, हाडं मोडायची नाहीत, सगळी कातड्यावर नीट टाकायची. सकाळी हातोडी फिरवली की बोकड जिवंत. एकदा एका शेतकऱ्याच्या पोराने नळीतला रस चोखायला मांडीचं हाड फोडलं. सकाळी एक बोकड लंगडत उठला. थॉरचे डोळे पाहून शेतकऱ्याने पोरगा आणि पोरगी दोघांना त्याच्या चाकरीला दिलं.

बाई, या देवांचा मूळ ग्रंथ कोणता? आपल्या वेदांसारखं त्यांचं काही आहे का?
— एक गृहिणी, लष्कर, ग्वाल्हेर

नाही. आणि या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं, कारण पोथ्यांच्या खोलीत नोकरी केलेल्या माझ्यासारखीला पहिला प्रश्न हाच पडतो. गोष्ट नंतर. आधी ती कोणत्या पानावर आहे, कोणी लिहिली, आणि का लिहिली.

जे लोक या देवांना भजत होते त्यांनी ग्रंथ लिहिलेच नाहीत. त्यांच्याकडे रून नावाची अक्षरं होती, पण ती दगडावर, लाकडावर, हाडावर, धातूवर कोरायची. चार ओळींत मजकूर संपतो. ओडिनचं आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं नाव एका सोन्याच्या चकतीवर आहे. डेन्मार्कमधल्या विंडेलेव गावाजवळ २०२० साली जमिनीतून सोनं निघालं, त्यात ती सापडली. चकती पाचव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्यावर कोणी एक ‘ओडिनचा माणूस’ आहे, एवढंच. ओडिनने काय केलं, कोणाशी भांडला, एक डोळा कसा गेला, यातलं काही नाही. त्याच्याही आधी, इसवी सन ९८ मध्ये, टॅसिटस नावाच्या रोमनाने जर्मानिक टोळ्यांच्या देवांबद्दल लिहिलं, पण त्यांना मर्क्युरी आणि हर्क्युलिस अशी आपली रोमन नावं देऊन.

मग एवढ्या गोष्टी आल्या कुठून? जवळजवळ सगळ्या आइसलंडमधून. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः नॉर्वेतून लोक त्या बेटावर जाऊन वसले. तिथे राजा नव्हता. ९३०च्या सुमारास त्यांनी आल्थिंग ही लोकसभा भरवायला सुरुवात केली. इसवी सन १०००च्या आसपास त्या सभेत ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे असे दोन तट पडले. निवाडा कायदा सांगणाऱ्या थोर्गेइरवर सोपवला. तो स्वतः जुन्या धर्माचा. एक दिवस आणि एक रात्र तो अंगावर पांघरूण ओढून गप्प पडून राहिला, आणि उठून म्हणाला की देशाचा कायदा एकच हवा, सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं. घोड्याचं मांस खाण्याची आणि घरात गुपचूप बळी देण्याची सूट मात्र काही काळ राहिली. धर्म बदलला तो असा, सभेत निवाडा होऊन.

ग्रंथ आला त्यानंतर दोनशे वर्षांनी. स्नोरी स्टुर्लुसन, जन्म ११७९. ख्रिस्ती, श्रीमंत, भांडकुदळ, सभेत कायदा सांगण्याचं पद भूषवलेला. १२२०च्या सुमारास त्याने ‘एड्डा’ लिहिली. देवभक्तीने नाही हो! कवींसाठी पाठ्यपुस्तक म्हणून. जुन्या दरबारी कवितेत सोन्याला ‘सिफचे केस’ किंवा ‘फ्रेयाचे अश्रू’ म्हणायचे (सिफ थॉरची बायको, फ्रेया एक देवी), काव्याला ‘बुटक्यांचं पेय’. सिफचे केस लोकीने कापले आणि बुटक्यांनी तिला सोन्याचे केस घडवून दिले ही गोष्ट ज्याला माहीत नाही, त्याला ती ओळ कळणारच नाही. तरुण कवी हे विसरायला लागले होते, म्हणून स्नोरीने गोष्टी लिहून ठेवल्या. मोरोपंतांची आर्या समोर ठेवा. महाभारत न वाचलेल्या नातवाला ती समजावायची तर आधी चार गोष्टी सांगाव्या लागतात. स्नोरीने नेमकं तेच केलं.

(स्नोरीचा शेवट वाईट झाला. १२४१ मध्ये नॉर्वेच्या राजाच्या हुकुमावरून त्याच्याच माजी जावयाने माणसं आणून त्याला घराच्या तळघरात मारलं.)

दुसरा आधार म्हणजे जुन्या कवितांची एक पोथी. १२७०च्या सुमाराची, वासराच्या कातड्यावर लिहिलेली. देवांच्या कथा वासराच्या कातड्यावर! माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं असतं तर मला आंघोळ करूनच स्वयंपाकघरात घेतलं असतं. आज तिची ४५ पानं शिल्लक आहेत, मधली ८ गहाळ. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पुष्पिका (पोथीच्या शेवटची नोंद) नाही. १६४३ पर्यंत ती कुठे होती कोणालाच ठाऊक नाही. त्या वर्षी ती ब्रिन्योल्फुर नावाच्या बिशपच्या हाती लागली, १६६२ मध्ये त्याने ती डेन्मार्कच्या राजाला पाठवली, आणि १९७१च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कने ती आइसलंडला परत केली. युद्धनौकेतून आली, बंदरावर माणसांची गर्दी लोटली होती. तिच्यातल्या बहुतेक कविता जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

यावर थोडं थांबते, कारण आमच्या गावात याच्या बरोबर उलट काम झालंय. आमच्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, १९७५ मध्ये ती पूर्ण झाली. तिथे अडचण होती ती पोथ्या फार असल्याची. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, शारदा, बंगाली, देवनागरी, मल्याळम अशा लिप्यांतल्या. एकीत श्लोक आहे, दुसरीत नाही, तिसरीत भलताच. ताडून ताडून पाठ ठरवायचा. ओडिन-थॉरच्या कित्येक कवितांना ताडायला दुसरी पोथीच नाही. कसर त्या एका पोथीला लागली असती तर थॉरची अर्धी मजा आपल्याला कळलीच नसती.

कसरीपेक्षा माणूस वाईट. अठराव्या शतकात आर्नी माग्नुसन नावाचा गृहस्थ आइसलंडभर फिरून पोथ्या जमवत होता. त्याला एका हस्तलिखिताची पानं बिशपच्या उंच टोपीत सापडली. टोपी ताठ राहावी म्हणून कापून आत शिवलेली! पुढे १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत त्याच्या संग्रहाचाही काही भाग गेला.

नॉर्स देव मुळात वैदिकच, ओडिन आशियातून गेला असं त्यांच्याच ग्रंथात लिहिलं आहे, असा एक संदेश आमच्या ज्येष्ठ नागरिक गटात फिरतोय. थॉर म्हणजेच इंद्र का?
— निवृत्त बँक अधिकारी, इंदूर

संदेशातलं एक वाक्य खरं आहे, म्हणूनच तो धोकादायक आहे. स्नोरी लिहितो की हे देव म्हणजे आशियातले, ट्रॉय नगरातले पराक्रमी राजे, उत्तरेला येऊन वसले आणि लोक त्यांना देव मानू लागले. पण त्याचा आशिया म्हणजे तुर्कस्तानाकडचा, सिंधूकाठचा नव्हे. शिवाय तो असं का म्हणाला ते पाहा. ख्रिस्ती माणसाला ‘थॉर हा देव होता’ असं लिहिता येत नव्हतं. ‘तो माणूसच, लोक फसले’ असं म्हटलं की गोष्टी सांगायची वाट मोकळी. आणि त्या काळात युरोपातल्या अनेक राजघराण्यांचे भाट आपली वंशावळ ट्रॉयला नेऊन भिडवत होते. तेव्हा हा पुरावा बाद.

थॉर आणि इंद्रात मात्र साम्य आहे आणि ते वरवरचं नाही. दोघांच्या हातात गडगडाटाचं शस्त्र, दुसऱ्या कोणी घडवून दिलेलं. दोघे खादाड, दोघे पिणारे, दोघांचं मोठं वैर सर्पाशी. पण इंद्र वृत्राला मारतो ते अडवलेलं पाणी मोकळं करायला, आणि जिंकतो. थॉर सापाला मारतो ते जगाच्या शेवटी, आणि त्याच्या विषाने नऊ पावलांवर स्वतः कोसळतो.

मला स्वतःला दुसरं एक साम्य जास्त पटतं. ओडिन दैत्याच्या डोंगरात शिरतो, पहारा देणाऱ्या मुलीजवळ तीन रात्री राहतो, काव्याची प्रेरणा देणारं मद्य तीन घोटांत पितो आणि गरुड होऊन पळतो. दैत्यही गरुड होऊन मागे लागतो. आता ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातली श्येनाची सूक्तं काढा (२६ आणि २७). श्येन पक्षी सोम घेऊन येतो, मागून धनुर्धर बाण सोडतो, एक पीस गळून पडतं. पुढे हेच काम गरुड अमृतासाठी करतो. तसंच यिमीरचं. देव त्या आद्य दैत्याला मारतात, त्याच्या मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचं आकाश करतात. पुरुषसूक्त पाठ असणाऱ्याला आणखी काय सांगावं.

हे साम्य आलं कुठून? १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि बहुधा गॉथिकसुद्धा (ही नॉर्सच्याच घराण्यातली भाषा) एकाच, कदाचित आता नष्ट झालेल्या मुळातून आल्या असाव्यात असं सुचवलं. भाषांबरोबर काही कथाही त्या मुळातून आल्या, असं बरेच अभ्यासक मानतात. विसाव्या शतकात फ्रान्सच्या झॉर्झ द्युमेझिलने तर देवांची सगळी मांडणीच सामायिक आहे असं म्हटलं. ते मला ताणलेलं वाटतं, पण तो वाचावा जरूर. म्हणून ‘वैदिक लोक तिकडे गेले’ असं म्हणू नका. चुलत घराणी म्हणा, आणि ऋग्वेद ते स्नोरी यांच्यात दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत हे विसरू नका. गटात माझं नाव न घालता लिहा, मला तिथे भांडायचं नाही.

कीर्तनात उत्तररंगाला वेगळं काही सांगावंसं वाटतं. थॉरची एखादी हसवणारी कथा द्याल का?
— एक कीर्तनकार ताई, ग्वाल्हेर

घ्या ताई, तयार आख्यान आहे. याच ४५ पानांच्या पोथीतलं.

थॉर सकाळी उठतो, दाढी झटकतो, उशाशी चाचपतो, हातोडी नाही! लोकी फ्रेयाचं पिसांचं वस्त्र मागून घेतो आणि उडत दैत्यांच्या मुलखात जातो. त्यांचा राजा थ्रिम टेकडीवर बसून कुत्र्यांचे सोन्याचे पट्टे वळत असतो. ‘हातोडी मी जमिनीखाली आठ कोस पुरली आहे. फ्रेया बायको म्हणून द्या, घेऊन जा.’ हे ऐकून फ्रेया अशी फणफणते की तिच्या गळ्यातला हार तुटून पडतो. देवांची सभा बसते. पहारेकरी हाइमडाल तोड काढतो. थॉरलाच नवरी करा. शालू नेसवा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडावर पदर. थॉर म्हणतो, मला लोक बायल्या म्हणतील. लोकी म्हणतो, गप्प बस, नाहीतर दैत्य तुझ्या घरात येऊन राहतील, आणि मी तुझी करवली होऊन येतो.

दैत्यांकडे मांडव पडतो. नवरी एक अख्खा बैल खाते, आठ मोठे मासे खाते, बायकांसाठी ठेवलेलं गोडधोड सगळं संपवते आणि मद्याची तीन पिंपं रिकामी करते. थ्रिम चरकतो, ‘एवढं खाणारी नवरी मी पाहिली नाही.’ करवली पुढे होते, ‘तुमच्या ओढीने आठ रात्री जेवली नाही हो.’ तो लाडाने पदर वर करून बघतो आणि सभागृहाच्या दुसऱ्या टोकापर्यंत मागे सरतो, डोळ्यांत निखारे! ‘आठ रात्री झोपली नाही हो.’ तेवढ्यात थ्रिमची बहीण नणंदेचा मान मागायला येते. शेवटी नवरीला आशीर्वाद द्यायला हातोडी आणून तिच्या मांडीवर ठेवतात.

पुढचं तुम्ही सांगालच. नणंदेला अंगठ्यांच्या जागी फटके मिळतात.

पूर्वरंगाला कीचकाची नर्तनशाळा घ्या, द्रौपदीच्या जागी अंधारात पडलेला भीम. ताल जमेल. एक सावधगिरी मात्र ठेवा. ही पूजेतली कथा म्हणून सांगू नका. काही अभ्यासकांना ती ख्रिस्ती काळात केलेली देवांची थट्टा वाटते. पण हातोडीने नवरीला पावन करण्याची रीत खरी असावी, कारण गळ्यात घालायच्या छोट्या हातोड्या शेकड्यांनी सापडल्या आहेत. डेन्मार्कमध्ये तर दहाव्या शतकातला एक दगडी साचा मिळाला आहे. त्यात क्रूसही ओतता येतात आणि थॉरची हातोडीही. सोनार कोणत्याही गावचा असो, गिऱ्हाईक बघतो.

व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं का असत?
— दांडिया बाजार, बडोदे

नसत. थॉरला भजणाऱ्या या दर्यावर्द्यांना १८७६ मध्ये जर्मनीत वाग्नरच्या संगीतनाटकासाठी डोएप्लर नावाच्या वेशभूषाकाराने ती चढवली आणि लोकांच्या मनातून उतरेनात. शिंगांची शिरस्त्राणं डेन्मार्कमध्ये सापडली आहेत, पण ती कांस्ययुगातली, व्हायकिंगांच्या दीडेक हजार वर्षं आधीची.

त्यांचा ‘राग्नारोक’ म्हणजे आपला प्रलयच ना?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, इंदूर

थोडासा. आधी तीन हिवाळे लागोपाठ, मध्ये उन्हाळाच नाही. भाऊ भावाला मारतो, नाती तुटतात, हे कलियुगाच्या वर्णनाच्या जवळचं. मग लांडगा ओडिनला गिळतो, ओडिनचा मुलगा विदार त्या लांडग्याला मारतो, सुर्त नावाचा दैत्य जग जाळतो. शेवटी समुद्रातून हिरवी जमीन पुन्हा वर येते, आणि वाचलेल्या देवांना गवतात जुन्या पटाच्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. ती ओळ मला फार आवडते.

फरक हा, की आपल्याकडे विष्णू प्रलयाच्या पाण्यावर निवांत झोपतो. तिकडे देव मरतात, आणि आपण मरणार हे ओडिनला आधीपासून माहीत असतं. तरी तो योद्धे जमवत राहतो. हे वर्णन मुख्यतः ‘वोलुस्पा’ या कवितेत येतं. ती कविता इसवी सन १०००च्या आसपासची, म्हणजे थोर्गेइर पांघरूण घेऊन पडला त्या पिढीची, असं सहसा मानतात. तेव्हा तिच्यात ख्रिस्ती कयामत किती मिसळली यावर वाद आहे, तो मिटण्यासारखा नाही. त्या तीन हिवाळ्यांबद्दल एक तर्क तुला आवडेल. ५३६ आणि ५४० मध्ये मोठे ज्वालामुखी फुटले, सूर्य मंदावला, उत्तर युरोपात पिकं बुडाली, स्वीडनमधली कितीतरी गावं ओस पडली. त्याचीच आठवण पाच-सहाशे वर्षं तोंडातोंडी टिकली असेल का? मला शक्य वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

वाचायला सुरुवात कुठून करू?
— बऱ्याच पत्रांत

स्नोरीपासून. त्याच्या एड्डातला पहिला मोठा भाग प्रश्नोत्तरांचाच आहे, एक राजा वेष बदलून येतो आणि विचारत सुटतो. इंग्रजी भाषांतरं पुष्कळ आहेत. नंतर थ्रिमची कविता. ‘वोलुस्पा’, म्हणजे जगाच्या आरंभ-अंताची ती कविता, सगळ्यात शेवटी घ्या. ती पोथीत पहिली आहे म्हणून लोक तिथून सुरू करतात आणि तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतात. बडोद्याला मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाणार असाल तर पौराणिक कथांबरोबरच जुन्या युरोपीय साहित्याचं कपाटही पाहा.